मदत हवी आहे: डोळ्यांखालचं फिलर बिघडलंय, विरघळवावं की थांबावं?

साडेपाच आठवडे झाले. डोळ्यांखाली फिलर (खड्डे भरून काढायला टोचतात ते जेल) घेतलं आणि आता आरशासमोर उभं राहणं जिवावर येतं. सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना अंदाज येईल.

वय ४४. डोळ्यांखालचे खड्डे वडिलांकडून आलेले, पंचविशीपासूनच आहेत. झोप पूर्ण झालेली असली तरी "बरं नाही का?" हा प्रश्न ठरलेला. चाळिशीनंतर ते आणखी खोल गेले. वर्षभर वाचून, विचार करून एका स्किन क्लिनिकमध्ये गेले. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, एकूण १ मिली, दोन्हीकडे अर्धं अर्धं. बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, वापरू असं बोलणं झालं होतं, प्रत्यक्षात सुईनेच टोचलं. मी तिथेच विचारायला हवं होतं. खुर्चीत मान मागे टाकून पडलेलं असताना तोंडातून शब्द फुटला नाही.

सूज आणि काळंनिळं पहिले दहा दिवस होतं. दोन आठवडे निकाल ठरवू नका असं सांगितलेलं, तेवढी मी थांबले. त्यानंतर जे दिसतंय ते असं: उजवी बाजू चांगली झाली आहे, खरंच चांगली. डावीकडे मात्र आतल्या कोपऱ्यापासून गालाच्या दिशेने लांबट वळ आहे, करंगळीच्या पेराएवढा. समोरून उजेड असला तर कळत नाही. खिडकी बाजूला असली की त्याची सावली पडते. त्यावर निळसर झाक आहे, कपड्यावरचा शाईचा डाग धुतल्यावर उरतो तसा रंग. कन्सीलर लावला की तो राखाडी होतो. हसले की वळ वर सरकतो. शिवाय सकाळी उठल्यावर दोन्ही डोळ्यांखाली फुगलेलं असतं, ते दुपारपर्यंत उतरतं.

परवा मुलीने विचारलं, "आई, तू रडलीस का?" नव्हते रडले. त्यानंतर रडले.

डॉक्टरांकडे परत जाऊन आले. ते म्हणाले, बसेल हळूहळू, मसाज करा, आणि अजून अर्धा मिली भरलं की कडा मिसळून जातील. ज्यामुळे वळ आला तेच आणखी भरायचं, हे मला काही केल्या पटत नाही. विरघळवायचं विचारलं तर "मग आधीपेक्षा वाईट दिसाल" एवढं बोलून विषय संपवला.

इथे कुणी यातून गेलं असेल तर सांगा. हे खरंच आपोआप बसतं का? विरघळवल्यावर तुमचा चेहरा कसा झाला? आणि उजवीकडचं चांगलं झालेलं तसंच ठेवता येतं का? "मुळात करायलाच नको होतं" हे कृपया लिहू नका, ते मी स्वतःला रोज ऐकवते आहे.

प्रतिसाद १

ताई, वाचताना माझाच चेहरा आठवला. ती निळसर झाक म्हणजे बहुधा टिंडल इफेक्ट. पारदर्शक जेल त्वचेच्या फार वरच्या थरात राहिलं की उजेड त्यातून विखुरतो आणि निळा रंग जास्त परत येतो. डोळ्यांखालची कातडी अतिशय पातळ, म्हणून तिथे लगेच दिसतं. माझं अकरा महिन्यांत तसूभरही बसलं नाही. वर्षभरात जातंच म्हणतात त्यावर विसंबू नका, एमआरआयमध्ये डोळ्यांभोवतीचं जेल काही वर्षांनंतरही सापडलेलं आहे. सकाळची सूज त्याचीच, कारण हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं. म्हणून आणखी भरून घेऊ नका.

मी शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे हायलुरोनिडेज, म्हणजे हे जेल विरघळवणारं एन्झाइम, टोचून घेतलं. थोडंसंच, फक्त त्या वळात. दुसऱ्या दिवशी सकाळी वळ बराचसा गेलेला होता, उरलेल्यासाठी तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा थोडं. मधले काही दिवस जागा पोकळ वाटली, तो काळ कठीण होता, खोटं सांगत नाही. त्या एन्झाइमने शरीराचं स्वतःचं हायलुरॉनिक ॲसिडही थोडं जातं, पण ते शरीर पुन्हा तयार करतं. माझी दुसरी बाजू तशीच राहिली.

दोन गोष्टी आधी करा. फिलरच्या खोक्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर क्लिनिककडून मागून घ्या, तुमच्या कागदपत्रांत तो असायलाच हवा. फिलर कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइटचं निघालं तर ते हायलुरोनिडेजने विरघळत नाही. आणि मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी ॲलर्जी आली असेल तर टोचण्याआधी नक्की सांगा. त्यांच्या विषात याच जातीचं एन्झाइम असतं.

प्रतिसाद २

काही डॉक्टर अल्ट्रासाउंडवर जेल कुठल्या थरात आहे ते बघून मगच विरघळवतात. असे कुणी मिळाले तर त्यांच्याकडे जा, अंदाजाने टोचणं टळतं. आणि मसाज नको. पाच आठवड्यांनी दाबून काही जागेवर जात नाही, उलट सूज वाढते.

एक गोष्ट वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. फिलर टोचताना किंवा नंतर जोराची कळ आली, कातडी पांढरी पडली, जाळीसारखे जांभळट डाग उठले किंवा नजर धूसर झाली, तर सकाळपर्यंत थांबू नका. जेलमुळे रक्तवाहिनी बंद झाल्याची ती लक्षणं असतात आणि डोळ्याच्या बाबतीत मिनिटं मोजावी लागतात. ताई, तुमचं दुखणं तसलं वाटत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. स्टिकर फाइलमध्ये सापडला, मागच्या पानाला चिकटवलेला होता. हायलुरॉनिक ॲसिडच आहे. अल्ट्रासाउंड करणाऱ्या एका डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळाली आहे. लहानपणी मधमाशी चावली होती, पण हात सुजण्यापलीकडे काही झालं नव्हतं, तरी सांगेन.

मसाज थांबवला आहे. डावीकडचंच काढा, उजवीकडे हात लावू नका, हे कागदावर लिहून नेणार आहे, म्हणजे खुर्चीत बसल्यावर पुन्हा गप्प राहणार नाही. फक्त एक सांगा, हायलुरोनिडेज टोचताना आग किती होते? त्याची भीती वाटते आहे.