शिवाजी पार्कवरची लाल माती काढून टाकावी का?

केळुस्कर मार्गवासी:
थंडी सुरू झाली की मैदानातली लाल माती उडू लागते आणि गॅलरीत वाळत घातलेले पांढरे सदरे संध्याकाळपर्यंत तांबूस होतात. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरला, त्यामुळे गोंगाटाविरुद्ध निदान दाद तरी मागता येते. धुळीला मात्र वाली नाही. पाणी मारून झाले, गवत लावून पाहिले, तरी फरक पडला नाही. वरचा भुसभुशीत थर खरवडून काढावा आणि गवत रुजेपर्यंत येथे एकाही सभेला किंवा मेळाव्याला परवानगी देऊ नये, असे माझे मत आहे.

जुना फलंदाज:
सुमारे २८ एकरांच्या या मैदानावर पहाटेपासून नेट लागतात, आणि गोलंदाज जिथून धावत येतो त्या पट्ट्यात गवत कधीच टिकत नाही. खेळपट्टी मातीचीच असते. तेव्हा सरसकट माती काढा म्हणणे म्हणजे खेळच उठवणे होय. वरून आणून पसरलेली माती जरूर उचलावी. उरलेल्या मैदानावर रोज पाणी मारून रोलर फिरवावा. हे कंटाळवाणे काम आहे, आणि उद्घाटनाची फीत कापण्याजोगे त्यात काही नसल्यामुळेच बहुधा ते नेटाने होत नाही.

चैत्यभूमीचा वाटसरू:
एकाही मेळाव्याला परवानगी नको, या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक याच मैदानात मुक्काम करतात. त्यांनी कुठे जावे? १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झालेले हे मैदान संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी महाराष्ट्राला ठाऊक झाले. भोवतालच्या इमारतींना आज जो भाव आहे, त्यात या मैदानाच्या नावाचाही वाटा आहे, हे रहिवाशांनी विसरू नये.

केळुस्कर मार्गवासी:
६ डिसेंबरला माझा आक्षेप नाही. 'एकाही' हा शब्द मी मागे घेतो. माझा रोख व्यासपीठे, मंडप आणि मैदानात शिरणाऱ्या ट्रकांवर आहे. भावाचे म्हणाल, तर आमच्यापैकी कित्येक जण जुन्या पागडीच्या घरांत, म्हणजे मालक नव्हे तर भाडेकरू म्हणून राहतात. तो भाव आमच्या हाती पडत नाही, धूळ तेवढी पडते.

जुना फलंदाज:
मग भांडण सभेशी नसून सभेनंतरच्या मैदानाशी आहे. मंडपाच्या खांबांचे खड्डे आम्हीच पायाने बुजवतो. आयोजकांकडून भरभक्कम अनामत घ्यावी आणि मैदान पूर्ववत झाल्याचे खेळाडूंसमक्ष पाहिल्याशिवाय ती परत करू नये.