प्रतिसाद: सुब्बानची अदलाबदल आणि चाहत्यांचा राग

लाडका खेळाडू गेला की चाहते चार दिवस चिडतात आणि संघ जिंकू लागला की सारे विसरतात, हे मत मला अर्धेच पटते. कॅनडातील माँट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाने २९ जून २०१६ रोजी आपला लाडका बचावपटू पी. के. सुब्बान याला अमेरिकेतील नॅशव्हिलच्या संघाला देऊन बदल्यात त्यांचा बचावपटू शे वेबर याला घेतले, तेव्हाचा संताप केवळ खेळावरून नव्हता. ज्याने आदल्याच वर्षी शहरातील मुलांच्या रुग्णालयासाठी सात वर्षांत एक कोटी डॉलर उभे करण्याचा शब्द दिला होता, त्याला त्याच्या संमतीशिवाय हलवता न येण्याचे करारातील कलम लागू होण्यास दोन दिवस उरले असताना पाठवून द्यावे, हे लोकांच्या जिव्हारी लागले. (व्यवस्थापनाच्या दृष्टीने मुहूर्त अचूक होता, हे मान्य करावेच लागेल.)

हा राग खरोखरच चार दिवसांचा असता, तर २ मार्च २०१७ रोजी सुब्बान नॅशव्हिलच्या पोशाखात माँट्रियलच्या घरच्या मैदानात, बेल सेंटरमध्ये, उतरला तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले नसते आणि बर्फावर उभ्या त्याच्या डोळ्यांत पाणी आले नसते. पुढे खेळ सुरू झाल्यावर मात्र तेच प्रेक्षक आपल्या संघाच्या बाजूने ओरडत होते, आणि माँट्रियलने अखेरच्या काही सेकंदांत गोल करून सामना २-१ असा जिंकला. वेबर २०१८ मध्ये कर्णधार झाला, त्याच्या नेतृत्वाखाली संघ २०२१ मध्ये लीगच्या अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि लोकांनी त्यालाही आपले मानले; पण म्हणून ते सुब्बानला विसरले, असे म्हणता येत नाही.