कोड गोल्फ (कमीत कमी बाइटांत प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धा): विडंबनाच्या रिकाम्या जागांत सदस्यांची ताजी नावं, बाइट कुठे वाचवू?

प्रश्न:
आठ ओळींचं विडंबन, प्रत्येक ओळीत एक रिकामी जागा. प्रोग्रॅम चालेल त्या क्षणी स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या एपीआयवरून (प्रोग्रॅमला थेट माहिती देणारी सोय) सर्वाधिक रेप्युटेशनचे (सदस्याने कमावलेले गुण) आठ सदस्य आणून उतरत्या क्रमाने भरायचे. नावं कोडमध्ये आधी लिहून ठेवायला मनाई, गुण बाइटवर. पायथन ३ मध्ये रिक्वेस्ट्स (वेबवरून माहिती आणणारी लायब्ररी) वापरून चालतंय, पण जागोजागी नाव घालणारा रिप्लेसचा लूप लांबलाय. कविता झेडलिबने (मजकूर दाबून लहान करणारी लायब्ररी) दाबू का? शिवाय 'अमुक आला' या ओळीत बाईचं नाव आलं की व्याकरण बिघडतं.

उत्तर १:
लूप काढा. कवितेत प्रत्येक रिकाम्या जागी टक्का-एस (%s) ठेवून शेवटी टक्का (%) आणि नावांचा टपल (कंसातली यादी) द्या. हेच काम करणाऱ्या फॉरमॅटला ११ बाइट लागतात, याला ६. मात्र फॉरमॅट जास्तीची नावं सोडून देतो, टक्का सोडत नाही, लगेच टाइपएरर येते. म्हणून एपीआयच्या पत्त्यातच पेजसाइझ (किती सदस्य हवेत) ८ द्या (न दिल्यास ३० येतात), मग यादी कापायलाही नको. क्रम लिहू नका. रेप्युटेशन आणि उतरता क्रम हे मुळातच गृहीत असतात, साइटचं नाव मात्र सक्तीचं.

उत्तर २:
झेडलिब इथे तोट्यात जाईल. पायथनच्या बाइट लिटरलमध्ये (कोडमध्ये थेट लिहिलेल्या बाइटांत) फक्त अ‍ॅस्की (इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा १२८ क्रमांकांचा संच) चालतं, त्यामुळे दाबलेल्या मजकुरातला बाकीचा प्रत्येक बाइट बॅकस्लॅश-एक्ससह चार बाइट खातो.

त्यापेक्षा देवनागरीचाच फायदा घ्या. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, मात्राही वेगळी मोजली जाते: 'ने' म्हणजे ६. पण युनिकोडमधला (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी) देवनागरीचा गट २३०४ पासून बरोबर १२८ जागांचा आहे. २३०४ वजा केलं की प्रत्येक चिन्ह एका अ‍ॅस्की बाइटात बसतं. प्रोग्रॅम चालताना २३०४ परत बेरजेत घालायचे. १६० चिन्हांचे ४८० बाइट १६० वर येतात. उकलणारा कोड, आणि स्पेस, नवी ओळ व रिकामी जागा यांना मराठीत न लागणारे क्रमांक देऊन केलेले तीन रिप्लेस, हे सगळं नव्वदच्या आसपास.

अडतं ते इथे: वजाबाकीनंतर 'ऊ' चा क्रमांक नव्या ओळीचा निघतो, 'ढ' चा दुहेरी अवतरणाचा, 'ध' चा एकेरीचा. दुहेरी अवतरण वापरा आणि 'ऊ', 'ढ' नसलेले शब्द निवडा. एकेरी घेतलं तर 'ध' टाळावा लागेल, ते जास्त अवघड.

उत्तर ३:
व्याकरणासाठी क्रियापद नावाशी जुळूच देऊ नका. 'अमुकने उत्तर लिहिलं' यात क्रियापद 'उत्तर'शी जुळतं, नाव कुणाचंही असो. 'यांनी' नको, 'ने' पुरे: १५ ऐवजी ६ बाइट. नाव यमकाच्या जागी ठेवू नका, ओळीच्या सुरुवातीला ठेवा. लांबी दर वेळी बदलणार, तेव्हा अक्षरगणवृत्ताचा हट्ट सोडून ओवीची सैल चाल घ्या.

एपीआयबद्दल दोन गोष्टी. नावं एचटीएमएल-एन्कोड होऊन येतात, 'अँड'च्या चिन्हाऐवजी (&) '&' दिसतं. ते मूळ रूपात आणणारं अनएस्केप प्रत्येक नावावर न लावता भरलेल्या पूर्ण कवितेवर एकदाच लावा. एपीआयचं उत्तर नेहमी दाबलेलं असतं, सहसा जीझिप या पद्धतीने. रिक्वेस्ट्स ते आपोआप उकलतं, पायथनमधलंच यूआरएललिब उकलत नाही, म्हणून आयात छोटी करायला तिकडे वळू नका. एपीआयची की (नोंदणी केल्यावर मिळणारा कोड) न वापरता एका आयपीला (इंटरनेटवरचा पत्ता) दिवसाला ३०० विनंत्या मिळतात; चाचण्या करताना उत्तर एकदा फाइलमध्ये उतरवून घ्या, थेट मागणी शेवटी जोडा.