उत्तर: भारतीय फुटबॉल संघाची कतारशी बरोबरी म्हणजे निव्वळ नशीब?

वर दोघांनी लिहिलंय की २०१९ मधली विश्वचषक पात्रता सामन्यातली दोह्यातली ०-० ही आपला गोलकीपर गुरप्रीतची एकट्याची कमाई, बाकी संघ नुसता पळत होता. अर्धं मान्य. त्या रात्री गुरप्रीत भिंत होता, वाद नाही. पण गोलकीपरपर्यंत येणारा प्रत्येक फटका मोकळा होता का? आदिल खान आणि झिंगन हे आपले बचावपटू सतत आडवे पडत होते, त्यामुळे बरेचसे फटके लांबून किंवा अवघड कोनातून आले. तेही कर्णधार छेत्री तापामुळे बाहेर असताना आणि समोर आशियाई विजेता असताना.

पाचच दिवस आधी गुवाहाटीत ओमानविरुद्ध १-० ने पुढे असताना शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले होते. म्हणून कतारविरुद्ध ८० व्या मिनिटानंतर मी घड्याळ बघणंच सोडलं होतं!

आणि नशीबच म्हणायचं तर कतारचा हिशोब बघा: त्या पात्रता गटात ८ पैकी ७ सामने जिंकले, गुण गमावले ते फक्त आपल्यापुढे.

माझा राग दुसऱ्याच बरोबरीवर आहे. महिन्याभराने कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध ८८ व्या मिनिटाला आदिलने कॉर्नरवर डोकं लावलं म्हणून १-१ तरी झालं. भरलेलं स्टेडियम, चेंडू आपल्याकडे, आणि बॉक्सजवळ गेलं की सगळे गोंधळलेले. खरे दोन गुण तिथे गेले.