घरी काय लागतं? हेडफोनवरची मुलं आणि घरातलं गाणं

गानवर्ग (धागा सुरू करणारी)

नाशिकला गंगापूर रोडवर पेटी आणि गायनाचे वर्ग घेऊन मला एकवीस वर्षं झाली. नवा विद्यार्थी आला की त्याचा सूर बघायच्या आधी मी एकच विचारते, घरी काय लागतं? पूर्वी उत्तरं भराभर यायची. आजीचं भजनी मंडळ, बाबांच्या कॅसेट, आईचा सकाळचा रेडिओ, मामाकडचा ढोल. गेल्या सहा-सात वर्षांत मुलं जरा गोंधळतात आणि म्हणतात, "घरी असं काही लागत नाही. ज्याचं त्याचं हेडफोनवर."

हे उत्तर ऐकलं की मला काळजी वाटते. का, ते सांगते.

मागच्या वर्षी निफाडकडचा एक मुलगा अकरावीला नाशिकला आला आणि माझ्याकडे यायला लागला. म्हटलं, येईल ते म्हण. त्यानं गवळण म्हटली. काळी एक पट्टीत मोकळा आवाज, सूर पक्का. पण दुसऱ्या ओळीत 'वृंदावनी' हा शब्द त्यानं मधोमध तोडला. 'वृंदा' म्हणून थांबला, श्वास घेतला, मग 'वनी'. तीनदा दुरुस्त केलं, तीनदा तिथंच तुटला. शेवटी विचारलं, कुणाकडून शिकलास? म्हणाला, आजोबांकडून.

आजोबांना दमा होता. थंडीत निफाडचा पारा उतरला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबक सोडतात. हा तेव्हा सात-आठ वर्षांचा, घोंगडी पांघरून आजोबांना चिकटून बसायचा. डोळा लागू नये म्हणून आजोबा गवळणी म्हणायचे आणि त्या शब्दाला आले की धुरानं त्यांचा दम तुटायचा. आजोबा जाऊन चार वर्षं झाली. पोराच्या गळ्यात ती जागा अजून तशीच आहे. मी दुरुस्त करणं सोडून दिलं.

मला वाटतं, गाणं कोणतं यापेक्षा ते कुणाला चिकटून बसून ऐकलं, त्यानं मूल घडतं. आणि असं बसणंच आपल्या घरांतून गेलंय. आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, रोज अर्धा तास तरी घरात मोठ्यानं काहीतरी लावा. मुलांना आवडलं नाही तरी चालेल.

तुमचा काय अनुभव?

सिडको_दोन_खोल्या

ताई, तुमचा निफाडचा मुलगा नशीबवान. माझं सांगतो.

वडील सातपूरला कंपनीत, तीन पाळ्या. घरात दोन खोल्या, माणसं पाच. वडील नाईट करून आले की दिवसभर घरात चिडीचूप, चमचा पडला तरी आई डोळे वटारायची. सुट्टीच्या दिवशी त्यांची गाणी, त्यांच्या आवाजात, त्यांना हवी तेवढी. मला काय ऐकायचंय हे घरात कुणी विचारलं नाही. त्यांना दोष देत नाही, आठवड्यातून एकच दिवस त्यांचा होता.

दहावीत मी दोनशे रुपयांचे हेडफोन घेतले. सहा महिन्यांत एक कान गेला. उरलेल्या एका कानावर मराठी रॅप ऐकलं आणि पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपल्यासारखं बोलतंय. भाडं, शिफ्ट, पोलीस, मित्र, सगळं आमच्या बोलीत. रात्री गच्चीवर चार पोरं बसून आम्ही वहीत लिहायला लागलो. मी आज जो आहे तो त्या गच्चीवर झालो. पाच माणसांच्या दोन खोल्यांत एकटं बसायला मला तेवढाच कोपरा मिळाला होता.

म्हणून "आवडलं नाही तरी चालेल" हे वाचून वाईट वाटलं. नाही चालत, ताई. काय आवडतं हे ठरवणं ही पोराची पहिली स्वतःची गोष्ट असते.

सिन्नरची_लेक

तुम्ही दोघंही चार भिंतींतलं बोलताय. आमच्याकडे गाणं वस्तीत होतं.

१४ एप्रिलच्या आधी आठवडाभर चौकात स्पीकर बांधलेला असायचा. गाणं सुरू झालं की आजी भाकरी थापता थापता त्याच तालावर थापायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण भीमगीतं तोंडपाठ. ती गीतं लिहिणारे वामनदादा कर्डक आमच्या सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. आजी त्यांचं नाव घरातल्या थोरल्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायची. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला ही तारीख मी शाळेत शिकले, पण तिथं काय झालं, कुणाला अडवलं, माणसं कशी बसून राहिली, हे शाळेआधी आजीकडून आणि गाण्यांतून कळलं होतं. पंचवटीत गेले की मला अजून आधी आजीचा आवाज येतो, मग देऊळ दिसतं.

गानवर्ग ताई, त्यामुळे आमच्या पोरांना 'आवडतं गाणं कोणतं' आणि 'तुमच्या घरचा इतिहास काय' हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. आमच्या माणसांच्या कहाण्या फार उशिरा छापल्या गेल्या. तोवर त्या गाण्यांनी जपल्या. हे मुलांच्या आवडीवर सोडून द्यायला माझं मन धजत नाही.

सिडकोच्या भावा, तू गच्चीवर जे केलंस तेच आमच्या शाहिरांनी डफ आणि ढोलकी घेऊन केलं. तुला वाटतंय तेवढा तू घरापासून लांब गेलेला नाहीस.

जुनी_तालीम

बाई, स्पष्टच लिहितो. शब्द तुटत असेल तर दुरुस्त करायलाच हवा. आजोबांची आठवण त्या गवळणीत आहे. त्यांच्या दम्यात ती शोधू नका. त्या म्हाताऱ्या माणसाला दम पुरला असता तर त्यानं 'वृंदावनी' सलगच म्हटलं असतं. त्याला जे म्हणायचं होतं ते नातवाच्या गळ्यातून पुरं करून घेणं, हे गुरूचं काम.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तोवर गाणं शिकायचं तर बहुतेकदा गवयाच्या घरात जन्मावं लागे, नाहीतर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरावं लागे. पलुसकरांनी वर्ग काढले, स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली, ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी गायलं नाही त्यालाही गाणं मोकळं केलं. हेच पलुसकर पुढे नाशिकला येऊन राहिले, इथं त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या ज्या परीक्षांना तुम्ही मुलं बसवत असाल, त्या परीक्षांची वाट त्यांच्याच कामातून निघाली.

आणि त्याच नाशिकमध्ये तुम्ही पहिल्या दिवशी मुलाला विचारता, घरी काय लागतं? ज्याच्या घरी काही लागत नाही ते पोर त्याच क्षणी मनातून मागच्या रांगेत जाऊन बसतं. मी असा मागे बसलेला मुलगा होतो. माझ्या घरी गाणं हा शब्द निघत नसे. माझ्या गुरुजींनी मला कधी घरचं विचारलं नाही, म्हणून मी टिकलो.

कॉलेजरोड_वाचक

यावर एक अभ्यास वाचला होता. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल आणि एक सहकारी, २०१३. साधारण वीस वर्षांच्या ६२ तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या वयातली गाणी त्यांना ओळखीची असणारच. पण आईवडील तरुण असताना जी गाणी चालत होती, तिथंही आठवणी आणि जिव्हाळा पुन्हा वर जाताना दिसला. साठच्या दशकातल्या गाण्यांनाही तसाच, म्हणजे बहुधा आजी-आजोबांकडून आलेला. घरात कानावर पडलेलं मुरतं, याला हा आधार म्हणता येईल.

जुनी_तालीम

आधार म्हणा, पण जपून. साठच्या दशकातली गाणीच सरस असतील, म्हणून आवडली असतील, ही शक्यता त्यातही उरतेच. शिवाय ६२ अमेरिकन मुलांवरून निफाड आणि सिडकोचा निकाल लावू नये.

नाव_नको

मी सहसा लिहीत नाही. पण 'मोठ्यानं लावा' वाचून राहवलं नाही.

आमच्या घरीही मोठ्यानं लागायचं. वडील पिऊन आले की टेप लावायचे. जुनी, फार गोड गाणी. पहिल्या गाण्यापर्यंत ते हसत असायचे. दुसऱ्या बाजूला कॅसेट उलटली की भांडण सुरू व्हायचं, हे मला आणि धाकट्या भावाला पाठ झालं होतं. कॅसेट संपल्यावर बटण खट्कन वर येतं ना, तो आवाज झाला की मी भावाला घेऊन मोरीत जाऊन बसायची.

आज भाऊ तीच गाणी गाडीत लावतो. म्हणतो, बाबांची एवढीच चांगली आठवण आहे. मी त्याच्या गाडीत बसले की खिडकी खाली करते. घर तेच होतं, गाणी तीच होती, आणि आम्ही दोघं एकमेकांना चिकटूनच बसलो होतो. मग आमच्यातलं कोण घडलं आणि कोण मोडलं, ताई? माझा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. तो हेडफोन लावून शांत बसलेला दिसला की मला बरं वाटतं.

गानवर्ग

नाव_नको, तुमचं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. "आवडलं नाही तरी चालेल" हे वाक्य मी मागे घेते. ज्या घरात आवाजाचीच भीती होती, तिथं शांतता हीच माया, हे मला सुचायला हवं होतं. सिडकोच्या दादा, तुझीही माफी मागते.

जुनी तालीम काका, पहिल्या दिवशीचा तो प्रश्न मी यापुढे विचारणार नाही. एकवीस वर्षांत किती मुलं त्यामुळे मागे बसली असतील, याचा विचार करून पोटात खड्डा पडला. मूल आपणहून सांगेल तेव्हा ऐकेन.

पण एका बाबतीत मी हटत नाही. तो मुलगा 'वृंदा'वर थांबला की त्याचा चेहरा बदलतो. पेटीवर माझी बोटं चालू असतात आणि मला ते समोर दिसतं. त्याला कुणीतरी शेजारी बसलेलं जाणवत असतं. सलग म्हणायला लावलं की गवळण सुबक होते आणि तो तिच्यात नसतो. सुबक गवळण म्हणणारी दहा मुलं माझ्याकडे आहेत. सिन्नरच्या ताई जे जपायला सांगतात तेच मला या पोराच्या गळ्यात दिसतं.

जुनी_तालीम

मग दोन्ही साधेल, बघा. केरव्याचा ठेका असेल तर 'वृंदावनी'च्या आधीचा शब्द अर्धी मात्रा आखूड करायचा आणि दम तिथं घ्यायचा, पोट भरून. मग 'वृंदा'वरच्या आकारावर, म्हणजे शेवटच्या 'आ'वर, हवं तेवढं थांबू दे, पण श्वास न सोडता, सूर धरून. 'वनी' त्याच श्वासात खाली उतरेल. आजोबा थांबत होते ती जागा राहील, शब्द तुटणार नाही. आठ दिवस फक्त तेवढीच ओळ घ्या, पुढे जाऊ नका.

गानवर्ग

काका, सोमवारी तो येतो तेव्हा करून बघते. आधी त्याला विचारेन, त्याला हवं असेल तरच.

सिन्नरची_लेक

नक्की विचारा. आणि तो आकार लागला तर इथं कळवा.

सिडको_दोन_खोल्या

ताई, माफी वगैरे नको, तुम्ही वयानं मोठ्या आहात. माझं मत मात्र तेच आहे, पोराला स्वतःचं ऐकू द्या. एक सांगायचं राहिलं होतं. मागच्या महिन्यात गच्चीवर आम्ही एक नवं लिहीत होतो, कडव्याला चाल बसेना. शेवटी बसली ती वडील सुट्टीच्या दिवशी लावायचे त्यातल्या एका गाण्याच्या ठेक्यावर. मी ठरवून केलं नव्हतं. वडिलांना अजून ऐकवलेलं नाही, या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट आहे.