मंगळावरच्या घळींचा प्रयोग करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, भाचीला विज्ञान प्रदर्शनात मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या दाखवायच्यात. तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या १ टक्क्याहूनही कमी, तरी वाऱ्याने वाळू सरकते हे कळलं, पण रसेल विवरातल्या टेकडीवरच्या त्या लांबच लांब सरळ घळी म्हणे पाण्याच्या नाहीतच, हिवाळ्यात गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे ठोकळे वसंतात सुटतात नि खालून निघणाऱ्या वायूवर अलगद घसरत जातात! तेच करून बघायचंय. केळशीची वाळूची टेकडी जवळ आहे पण तिला धक्का नको, अंगणात वाळूचा उतार करू. दापोली-खेडकडे ड्राय आइस (म्हणजे तोच गोठलेला कार्बन डायऑक्साइड) कुठे मिळेल? बंदरावर साधाच बर्फ असतो. आणि वाळू दमट असली तर ठोकळा घसरेल का, की आधी उन्हात सुकवायची?