साध्या दवाखान्यात हृदयाच्या अनियमित लयीची तपासणी: खिशातले ईसीजी यंत्र घ्यावे का?

जनरल प्रॅक्टिशनर, भांडुप

नमस्कार. माझ्या दवाखान्यात संध्याकाळी येणाऱ्या रुग्णांत साठी ओलांडलेले बरेच असतात आणि त्यांतले बहुतेक रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांसाठी महिन्या-दोन महिन्यांनी येतच असतात. दोन्ही हातांची बोटे ठेवली की तीस सेकंदांत एका लीडचा (हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारा) ईसीजी मोबाइलवर उमटवणारे यंत्र घ्यावे असे मनात आहे. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, कित्येकदा काहीही त्रास न देता चालू असते आणि तिथे रक्ताची गुठळी होऊन त्याची पहिली खूण म्हणून थेट अर्धांगवायूचा झटका येतो, हे आपण सारे जाणतोच. यंत्र विकायला आलेले प्रतिनिधी सांगतात की सरसकट प्रत्येकाची पट्टी, म्हणजे ही ईसीजीची नोंद, काढा. उलट परिचयातले एक हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात की यंत्राआधी नाडी बघा. पट्टी कोणाची काढावी, ती कंपाउंडरने काढलेली चालेल का, आणि यंत्राने संशय दाखवलाच तर पुढे नेमके काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

फिजिशियन, दादर

डॉक्टरसाहेब, आपल्या हृदयरोगतज्ज्ञांचे म्हणणे जुन्या वळणाचे वाटले तरी त्याला भक्कम आधार आहे. इंग्लंडमध्ये ५० फॅमिली प्रॅक्टिसमधल्या ६५ वर्षांवरील सुमारे पंधरा हजार रुग्णांवर ‘सेफ’ नावाची चाचणी झाली आणि ती २००७ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला पत्र पाठवून ईसीजीसाठी बोलावले. दुसऱ्या गटात एरवी काही कारणाने आलेल्या रुग्णाची नाडी पाहून, ती अनियमित लागली तरच ईसीजी काढला. वर्षभरात दोन्ही पद्धतींनी नव्याने सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण जवळपास सारखेच, म्हणजे एकत्रित १.६३ टक्के भरले, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ते १.०४ टक्के होते. म्हणजे निम्मे काम तीन बोटांनीच होते. मात्र ती बोटे पुरते अर्धे मिनिट मनगटावर टिकली पाहिजेत, आणि आपल्याकडच्या गर्दीत नेमके तेच राहून जाते.

यंत्राचे समर्थक ज्या चाचणीकडे बोट दाखवतात ती अमेरिकेतली ‘व्हायटल-एएफ’. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी संलग्न १६ दवाखान्यांत ६५ वर्षांवरील तीस हजारांहून अधिक रुग्ण तिच्यात होते आणि पट्ट्या डॉक्टरांनी नव्हे, तर सहायकांनी काढल्या. कंपाउंडरविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे: पट्टी तो काढू शकतो, वाचायची मात्र आपणच. पण निष्कर्ष उत्साह मावळवणारा निघाला. वर्षभरात नवे निदान यंत्र असलेल्या दवाखान्यांत १.७२ टक्के आणि नसलेल्या दवाखान्यांत १.५९ टक्के, म्हणजे फरक नगण्य. फक्त ८५ वर्षांवरील रुग्णांत तो ठळक दिसला.

शिवाय जास्त शोधले म्हणजे अर्धांगवायू तितकाच टळतो असेही नाही. डेन्मार्कच्या ‘लूप’ चाचणीत छातीच्या कातडीखाली नोंदयंत्र बसवल्यावर एट्रियल फिब्रिलेशन सुमारे तिप्पट सापडले, तरी अर्धांगवायूतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. स्वीडनमधल्या ‘स्ट्रोकस्टॉप’मध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांनी दोन आठवडे घरीच दररोज पट्ट्या काढल्या आणि जवळपास सात वर्षांच्या पाठपुराव्यात थोडासाच लाभ दिसला. दोन्ही २०२१ सालच्या. त्यामुळेच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये पुरावा अपुरा ठरवला, आणि युरोपीय हृदयरोग संघटना मात्र ६५ वर्षांपुढे सहज आलेल्या रुग्णाची नाडी किंवा ईसीजी पाहावा असे सुचवते. मला स्वतःला युरोपीय भूमिका दवाखान्याच्या व्यवहाराला अधिक धरून वाटते.

सरसकट तपासणीतला धोका साध्या हिशेबाने कळतो. गणितापुरते असे धरू की हजार ज्येष्ठांत चौदा जणांना न कळलेले एट्रियल फिब्रिलेशन आहे आणि यंत्र शंभरातले पंच्याण्णव रुग्ण व पंच्याण्णव निरोगी बरोबर ओळखते. मग तेरा खरे रुग्ण सापडतील, पण त्यांच्याबरोबर सुमारे एकोणपन्नास निरोगी माणसेही संशयाच्या यादीत येतील. अवेळी पडणारे ठोके आणि हाताचा कंप हे त्यातले नेहमीचे चकवे. म्हणून यंत्राने दिलेला शब्द म्हणजे निदान नव्हे. पट्टीत पी-लहरी (प्रत्येक ठोक्याआधीची छोटी लहर) नाहीत आणि ठोक्यांमधले अंतर कुठल्याच क्रमात बसत नाही, हे तीस सेकंदांच्या नोंदीत स्वतः पाहावे, आणि शंका उरल्यास त्याच दिवशी बारा लीडचा ईसीजी काढून घ्यावा.

सामाजिक वैद्यकशास्त्राच्या अध्यापिका, परळ

वरच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण त्या साऱ्या चाचण्या ज्या समाजांत झाल्या तिथे संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण फारसे उरलेले नाहीत. आपल्याकडे ते अजून आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या चाचणीत भारतासह अनेक देशांतले अशा हृदयरोगाचे आणि एट्रियल फिब्रिलेशनचे साडेचार हजारांहून अधिक रुग्ण होते; त्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते आणि बहुसंख्य स्त्रिया होत्या. फक्त पासष्टीपुढची चाळण लावली तर धाप लागते म्हणून आलेली पंचेचाळीस वर्षांची बाई तिच्यातून निसटेल, म्हणून धाप, धडधड किंवा भोवळ सांगणाऱ्या कोणत्याही वयाच्या रुग्णाची नाडी पाहिलीच पाहिजे. त्याच चाचणीत रक्त पातळ करणाऱ्या रिव्हारॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जातीच्या जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. सबब पट्टीत एट्रियल फिब्रिलेशन दिसले की नवी गोळी लिहिण्याआधी स्टेथोस्कोप लावा आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) मध्यम किंवा तीव्र आकुंचलेली असेल तर ॲसिनोकुमारॉल किंवा वॉरफरिन आणि नियमित आयएनआर (रक्त किती पातळ झाले याची तपासणी), याला पर्याय नाही.

झडप ठीक असेल तर नव्या गोळ्या अवश्य द्याव्यात. तिथे दोन चुका सर्रास दिसतात. एक म्हणजे ‘सध्या ॲस्पिरिन घ्या’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवणे. ‘ॲव्हरोज’ चाचणीने २०११ मध्येच दाखवले होते की ॲपिक्साबॅन या नव्या गोळीने ॲस्पिरिनच्या तुलनेत अर्धांगवायू निम्म्याहून कमी होतात आणि मोठा रक्तस्राव मात्र फारसा वाढत नाही. दुसरी, वजन साठ किलोच्या आत दिसले की ॲपिक्साबॅनची मात्रा निम्मी करणे. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, यांपैकी किमान दोन गोष्टी असतील तरच ती कमी करायची असते, आणि आपल्याकडे साठच्या आतली माणसे काही कमी नाहीत.

मुंबईत आणखी एक अडचण म्हणजे पाठवलेला रुग्ण परत येत नाही. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात इकोसाठी रांग असते, दिवसाची मजुरी बुडते आणि त्रास तर काहीच होत नसतो, मग जायचे कशाला? चिठ्ठीवर केवळ ‘ईसीजी करा’ असे न लिहिता पट्टीची छापील प्रत जोडावी, कारण एट्रियल फिब्रिलेशन येऊन-जाऊन असेल तर तिथे काढलेला ईसीजी नियमित येतो आणि ‘काही नाही’ म्हणून रुग्णाला परत पाठवले जाते.

ईसीजी तंत्रज्ञ, मुलुंड

पट्टी खराब येण्याची कारणे बहुधा फार साधी असतात. बोटे कोरडी असतील तर ओल्या कापसाने पुसून घ्यावीत. कोपरे टेबलावर टेकलेली असावीत, रुग्णाने बोलू नये, आणि यंत्र घट्ट दाबू नये, कारण दाबले की स्नायूंचीच थरथर नोंदली जाते. मोबाइल चार्जिंगला लावलेला असताना पट्टी काढू नये. जिने चढून आलेल्या माणसाला पाच मिनिटे बसू द्यावे. एक लीड हृदयविकाराच्या झटक्यासाठी मुळीच पुरत नाही, हे मात्र कंपाउंडरला पुन्हा पुन्हा बजावून ठेवा. छातीत दुखते म्हणणाऱ्याची पट्टी ‘नॉर्मल’ आली म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवणे जिवावर बेतू शकते.

जनरल प्रॅक्टिशनर, भांडुप

सर्वांचे मनापासून आभार. रक्तदाब मोजण्याआधी अर्धे मिनिट नाडी, आणि ती अनियमित असेल किंवा लक्षणे असतील तरच पट्टी, असे ठरवतो. आता तरुण मुले घड्याळावरची सूचना दाखवायला येतात, त्यांचे काय करावे?

फिजिशियन, दादर

सूचना खोटीच असे समजू नये आणि घाबरूनही जाऊ नये. ‘ॲपल हार्ट स्टडी’त चार लाखांहून अधिक लोकांपैकी साधारण अर्ध्या टक्क्याला अनियमित नाडीची सूचना मिळाली, त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची चिकटपट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडले. ही नोंद सूचनेनंतर काही दिवसांनी झालेली असल्याने उरलेल्यांना ते नव्हतेच असेही म्हणता येत नाही. अशा मुलाचा बारा लीडचा ईसीजी काढावा, थायरॉइड तपासावे आणि दारूविषयी आईवडिलांसमोर नव्हे, एकट्याला विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय घड्याळावरून नव्हे, तर ईसीजीने निदान पक्के झाल्यावर रक्तदाब, मधुमेह, वय, पूर्वीचा अर्धांगवायू आणि हृदयाची स्थिती पाहून घ्यायचा असतो, आणि बहुतेक निरोगी तरुणांना त्यांची गरज पडत नाही.